शून्य नंबरचा ड्रॉवर

१

हे मी लिहिणारच नव्हतो. दोनदा सुरू केलं, दोनदा पुसलं. कारण ह्या तपासात सगळ्यात मोठी चूक माझीच होती, आणि स्वतःची चूक स्वतःच्याच बोटांनी टाइप करायची म्हणजे जिवावर येतं. मी काही लेखक नाही. कोडिंगसुद्धा कॉलेज अर्धवट सोडून घरी बसून शिकलोय. पण जे बघितलं ते आत मावत नाहीये. म्हणून लिहितो. सुचेल तसं, तुकड्यातुकड्यांनी.

मंगळवार, सकाळी सव्वासात, जर्मनीतलं एर्लांगेन. आमच्या बिल्डिंगमध्ये तिसऱ्या मजल्यावर माझी एक खोली आहे, पहिल्यावर पद्माकर काका राहतात. वय एक्क्याऐंशी. बेल वाजली, दार उघडलं तर काका. एका पायात सपात, दुसरा पाय नुसता मोज्यात.

"मनु, खाली चल."

"काय झालं काका?"

"गावाची सुरुवात गेली."

मला वाटलं, काकांना चक्करबिक्कर आली असावी. पण ते माझ्या पुढे दोन दोन पायऱ्या उतरत केलरमध्ये, म्हणजे तळघरात, गेले. तिथे प्रत्येक घराची लाकडी फळ्यांची एक खोली असते, सायकली, टायर, जुन्या बॅगा ठेवायला. काकांच्या खोलीत एकच मोठी वस्तू आहे. नकाशे ठेवायचं जुनं कपाट. रुंद, उथळ ड्रॉवरवालं. सात ड्रॉवर.

काकांनी सगळ्यात खालचा ओढला. त्याच्यावर पितळेची पट्टी होती, तिच्यावर आकडा: शून्य.

आत काही नव्हतं. नुसती फळी. तीही स्वच्छ, जणू कोणी ओल्या फडक्यानं पुसलेली. एका कोपऱ्यात घडी घातलेल्या टिश्यू पेपरवर नखाएवढ्या चार लाकडी झोपड्या ओळीनं मांडल्या होत्या.

"काका, ह्याच्यात होतं काय?"

"वाळू," काका म्हणाले. "शुक्रवारी इंग्लंडची व्हॅन येतेय कपाट न्यायला. आणि ही वाळू, मनु, आता जगात कुठेही मिळत नाही."

२

पुढे जायच्या आधी ते कपाट सांगायलाच हवं.

काका सत्तर सालच्या आधी पुण्याहून इथे आले, आयुष्यभर ड्रॉइंग ऑफिसमध्ये नकाशे काढले. त्यांची बायको डोरीन. इंग्लंडच्या किनाऱ्यावरच्या मार्लिंग्सी नावाच्या गावची. इथे इंग्रजी शिकवायला आली आणि काकांमुळे इथलीच झाली. तीन वर्षांपूर्वी गेली. माझी आणि तिची भेट नाही. पण तिचं गाव मी बघितलंय. सातदा.

गेल्या हिवाळ्यात काकांनी मला ते पहिल्यांदा दाखवलं. म्हणाले, "वरून नाही बघायचं. खालून सुरू करायचं." आणि एकेक ड्रॉवर ओढत गेले.

शून्य. नुसता किनारा. पिवळसर वाळूचा पट्टा आणि चार कोळ्यांच्या झोपड्या. बस.

एक. तोच किनारा, तीच खाडी, पण साल सतराशे पंच्याऐंशी. कोणीतरी डॉक्टरनं सांगितलंय की समुद्राचं पाणी औषध आहे. अंघोळ करा, वर ग्लासभर प्यासुद्धा. त्यामुळे वाळूवर चाकांच्या लाकडी खोल्या उभ्या आहेत. आत बाई कपडे बदलणार, घोडा खोली पाण्यात ओढत नेणार, बाई पलीकडच्या दारानं गुपचूप समुद्रात उतरणार. काकांनी घोडेसुद्धा केलेत. तांदळाएवढे.

दोन. अठराशे वीस. अर्धगोल पांढऱ्या हवेल्या. उमराव आले.

तीन. रेल्वे. इथे मी श्वास घ्यायचा विसरलो. एक काळी रेघ डोंगरातून येते आणि त्या रेघेच्या टोकाला गाव फुटतं. अक्षरशः फुटतं. लाह्या फुटतात तसं. गिरणीतले कामगार एका दिवसाच्या तिकिटावर यायला लागले, त्यांच्यासाठी खानावळी, लॉज, गल्ल्या, गल्ल्यांच्या मागे गल्ल्या.

चार. अठराशे नव्वद. समुद्रात सहाशे मीटर आत घुसलेला लोखंडी धक्का, ज्याला ते लोक पियर म्हणतात. बोटी लागायच्या म्हणून नाही, नुसतं चालायला. पाण्यावर चालायला! टोकाला नाचघर. काकांनी तो पियर कंगव्याच्या दातांएवढ्या खांबांवर उभा केलाय. चौदाशे खांब. मी मोजायला लागलो तर म्हणाले, "मी मोजलेत, तू बघ."

पाच. एकोणीसशे छत्तीस. पोहण्याचा तलाव, दिव्यांच्या माळा, आणि किनाऱ्याला लागून लांबच लांब काँक्रीटची भिंत. तिच्यावर हिंडायचा रस्ता.

सहा. एकोणीसशे सदुसष्ट. डोरीननं गाव सोडलं ते साल. काकांनी तिथेच थांबवलंय.

चाळीस वर्षं लागली हे करायला. शेवटी डोरीनच्या गावाच्या म्युझियमनं ते मागून घेतलं. सगळ्यात जास्त कशासाठी माहितेय? शून्यासाठी. कारण छत्तीस साली बांधलेल्या त्या भिंतीवर आपटून परत जाणाऱ्या लाटांनी वर्षानुवर्षं किनारा ओढून नेला. आता तिथे नुसते गोटे आहेत. ज्या वाळूसाठी अख्खं गाव उभं राहिलं, ती वाळू गावानंच घालवली. उरली होती ती फक्त डोरीननं येताना बिस्किटाच्या डब्यात भरून आणलेली. दोन लिटर. एर्लांगेनच्या केलरमध्ये, शून्य नंबरच्या ड्रॉवरमध्ये.

"वाळू नसेल तर मी कपाट पाठवणार नाही," काका त्या मंगळवारी म्हणाले. "सुरुवातच नाही तर बाकी सगळं खोटं."

मी वाकून ड्रॉवरच्या फटीत टॉर्च मारला. तिथे तीन दाणे अडकले होते. लालसर.

"हात नको लावूस!" काका ओरडले. "लोटरनं उंदरांचं औषध टाकलंय सगळीकडे." लोटर म्हणजे आमच्या बिल्डिंगची देखभाल करणारा.

मी ते टिश्यूनं उचलून पुडीत बांधले. का, ते तेव्हा मलाही माहीत नव्हतं.

३

कुलूप तोडलेलं नव्हतं. किल्ल्या चार. एक काकांची. एक त्यांच्या मुलीची, नंदिनीताईची. एक तिसऱ्या मजल्यावरच्या, माझ्या समोरच्या श्रीरंगची, कारण त्याची केलर टायरांनी भरलीय आणि गणपतीचं मखर वगैरे सामान तो काकांच्या खोलीत ठेवतो. चौथी मास्टर की, आमच्या हाउसमाइस्टरची, त्याच लोटरची. इथे सगळे त्याला हेर, म्हणजे मिस्टर, लोटर म्हणतात.

वाळू शेवटची बघितली कधी? काका दर रविवारी शून्याचा ड्रॉवर उघडून बसतात. पण परवाच्या रविवारी ते न्युर्नबर्गला मंडळाच्या आरतीला गेले होते. म्हणजे शेवटची बघितली ती त्याच्या आधीच्या रविवारी. नऊ दिवस.

"आणि एक," काका म्हणाले. "काय गेलंय ते कोणाला सांगू नकोस. नुसतं म्हण, मॉडेलचा एक भाग गेला. ज्यानं नेली तोच आपणहून वाळूचं नाव काढेल."

मला ही आयडिया जबरदस्त वाटली. काकांना तसं सांगितलंसुद्धा. आता आठवलं की कान गरम होतात.

"तुमचा स्क्रूड्रायव्हर घेऊ का, काका? ड्रॉवर काढून बघतो."

"लागेल ते घे रे, विचारायचं काय त्यात," काका म्हणाले. ते कायम हेच म्हणतात. साखर मागा, शिडी मागा, उत्तर तेच.

ड्रॉवरच्या मागेही काही नव्हतं.

पहिला संशय श्रीरंगवर. पुण्याचा, सॉफ्टवेअरवाला, माझ्याहून चार वर्षांनी मोठा. गणपतीच्या आदल्या आठवड्यात तो काकांना म्हणाला होता, "काका, अख्खं मॉडेल मी थ्रीडी स्कॅन करून देतो. आणि हा खालचा ड्रॉवर तर रिकामाच आहे, तो कशाला पाठवताय?" काकांनी त्याला सगळ्यांसमोर झापला. "रिकामा तुझा मेंदू आहे" इथपर्यंत.

संध्याकाळी मी त्याच्याकडे गेलो. त्याच्या बायकोनं, ईप्सितानं, चहा आणि खिरापत आणून ठेवली. लग्न होऊन सहा महिने झालेत, जूनमध्ये आलीय इथे.

"चोरी?" श्रीरंग हसला. "केलरमध्ये? आल्झो, म्हणजे मनु, तू आता डिटेक्टिव्ह झालास का?"

"मॉडेलचा एक भाग गेलाय. तुझ्याकडे किल्ली आहे."

"किल्ली त्या खिळ्यावर असते, बघ, दाराशी. मी पंधरा दिवसांत खाली पाय ठेवलेला नाही. आणि मला मेंदू नाही हे काकांनी जाहीर केलंय, मग मी चोरी कशी प्लॅन करणार?"

"रागावलायस अजून."

"रागावणारच ना! पण म्हणून त्यांच्या कामाला हात लावेन? मूर्ख आहेस."

ईप्सिता बाल्कनीच्या दारात उभी राहून ऐकत होती. तिचा चेहरा खरंच उतरला होता. "काकांचं? अरे देवा. कोण असेल असं?" मग वळून कुंडीकडे बघत म्हणाली, "एकेक दिवस असतात. ही तुळससुद्धा आठवडाभर रुसलीय माझी. पानं पिवळी पडायला लागलीत. आईनं पुण्याहून बी दिलं होतं."

मी पण बघितलं. तुळस मलूल होती, कुंडीत वर काहीतरी उन्हात चमकत होतं. मी खिरापत खाल्ली, आभार मानले आणि निघालो.

माझ्या वहीत त्या दिवशीची नोंद आहे: "श्री. खरं बोलतोय असं वाटतं. पुढे."

४

बुधवार. नंदिनीताई गावाच्या दुसऱ्या टोकाला राहते. वय बावन्न, गिम्नाझियमला, म्हणजे इथल्या हायस्कूलला, केमिस्ट्री शिकवते. मराठी सगळं कळतं, बोलताना अर्धं जर्मन.

तिला कपाट जायला नको होतं, हे मला माहीत होतं. गणपतीला काकांशी तिचं त्यावरूनच वाजलं होतं. "मामा इथे पुरलीय, आणि तिचं गाव तिकडे पाठवता?" असं म्हणाली होती. डोरीनला ती मामा म्हणते.

मी बसलो. आणि बघितलं तर खिडकीत काचेची बरणी. काठोकाठ वाळू.

माझी नजर तिनं पकडली.

"वाळू बघतोयस?" ती म्हणाली.

नाव तिनं काढलं होतं. आपणहून.

"ताई... वाळू गेलीय हे तुम्हाला कोणी सांगितलं?"

"बाबांनी. काल सकाळी साडेसहाला. फोनवर रडत."

म्हणजे माझ्याकडे यायच्या आधीच! सापळा लावणाऱ्यानंच सापळ्यावर पाय दिला होता.

"आणि ही बरणी?"

"कॅक्टससाठी. आपल्या इथलीच. जंगलात खणलं की मिळते, सगळं एर्लांगेन वाळूवरच आहे. थांब." ती उठली, व्हिनेगरची बाटली घेऊन आली, चमचाभर वाळूवर ओतलं. काही झालं नाही. "बघितलंस? नुसता गारगोटीचा चुरा. मामाच्या वाळूत अर्धे शिंपले होते, बारीक झालेले. तिच्यावर व्हिनेगर टाकलं की फसफसते. लहानपणी मामा मला जादू म्हणून दाखवायची. त्यामुळे मी केमिस्ट्री घेतली."

तिनं चमचा पुसला. बराच वेळ पुसत राहिली.

"मला कपाट जायला नकोच होतं, जा. पण वाळू मी नेली असती तर रात्रभर झोप नसती लागली. ती वाळू म्हणजे मामाचे हात आहेत, मनु. आणि तुला एक सांगू? ज्यानं नेली त्यानं झोपड्या टिश्यूवर ठेवल्या, बाबा म्हणाले. चोर असं करतात का?"

बसमध्ये मी ह्याच वाक्यावर अडकलो. झोपड्या जपून ठेवणारा, ड्रॉवर पुसून जाणारा माणूस. त्याला गाव नको होतं, पियर नको होता. त्याला फक्त वाळू हवी होती. पण ज्या शहरात पाय ठेवाल तिथे वाळूच आहे, तिथे कोणी केलरमधली वाळू का चोरेल?

५

गुरुवार सकाळ. व्हॅनला एक दिवस. काका जेवत नव्हते. म्युझियमला "नाही" म्हणून मेल लिहून ठेवला होता, पाठवला नव्हता एवढंच.

शेवटचा उरला हाउसमाइस्टर. हेर लोटर. साठीचा माणूस, करड्या कोटात, दोन्ही खिशांत किल्ल्या. केलर रिकामी करा म्हणून त्यानं ऑगस्टमध्ये पत्र लावलं होतं, आणि काकांना तोंडावर म्हणाला होता की तळघरात वाळू ठेवणं म्हणजे मांजरांना आमंत्रण आहे. त्याच्याकडे भलामोठा व्हॅक्यूम क्लीनरही आहे. मला तर केस तिथेच सुटल्यासारखी वाटत होती.

"हेर लोटर, तुम्ही पहिल्या मजल्याच्या केलरमध्ये व्हॅक्यूम केला का?"

"मी?" तो लालबुंद झाला. "दुसऱ्याच्या कुलपात? छत्तीस वर्षं ही किल्ली माझ्याकडे आहे, तरुण माणसा. एकदाही नाही. आणि त्या कपाटाला तर मुळीच नाही." मग आवाज खाली आला. "फ्राऊ डोरीननी मला एकदा दाखवलं होतं. पूर्ण. मी माझ्या बायकोला पण आणलं होतं. ती पियरचे खांब मोजत बसली."

"मग हे तुमचं ना?" मी पुडी उघडली. तीन लाल दाणे.

त्यानं चष्मा चढवला. दाणा चिमटीत धरून बराच वेळ बघितला. मग कपाटातून उंदरांच्या औषधाचं पाकीट काढून माझ्या पुढ्यात ओतलं. लाल दाणे, टपोरे, मधोमध चीर.

"माझा गहू आहे," हेर लोटर म्हणाले. "तुमचा तांदूळ आहे."

मी बघितलं. लांबट, चपटा, टोकदार. तांदूळ. लाल रंगवलेला.

रंगवलेला नाही. कुंकू लावलेला.

अक्षता! ज्यानं वाळू नेली त्यानं ड्रॉवरला आधी अक्षता वाहिल्या होत्या. नेण्याआधी नमस्कार केला होता. मी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघितलं, नऊ दिवस मागे मोजले. मागच्या आठवड्यातला मंगळवार. गणपतीचा आदला दिवस.

हरतालिका.

आई आठवली. लहानपणी मी तिच्यासाठी नदीवरून काय आणायचो? पाटावर तिची पिंड कशाची असायची?

"हेर लोटर, व्हिनेगर आहे?"

६

श्रीरंगच्या बाल्कनीत आम्ही पाच जण. मी, काका, शाळेतून थेट आलेली नंदिनीताई, श्रीरंग, ईप्सिता. अकराचं ऊन.

"ईप्सिता, हरतालिकेची पिंड कुठल्या वाळूची केलीस?"

"का रे?" ती हसली. "इथल्याच. म्हणजे, आधी मी प्लेग्राउंडवर गेले होते. पण तिथे कुत्री, सिगरेटची थोटकं... देवाला कशी वापरणार ती? आणि माझी पहिली हरतालिका इथली, पाच जणी येणार होत्या, प्रत्येकीची पिंड. मखर काढायला खाली गेले तर काकांच्या कपाटात उरलेली वाळू दिसली. स्वच्छ, बारीक..." ती थांबली. सगळ्यांचे चेहरे बघितले.

"उरलेली," काका हळूच म्हणाले.

"बाकीचे ड्रॉवर उघडून बघितले ना मी. सगळ्यांत केवढी घरं, केवढी नक्षी! मला दहा मिनिटं हलताच आलं नाही. आणि ह्यात नुसती वाळू आणि चार ठोकळे. मला वाटलं, सामान ठेवायचा ड्रॉवर. मी विचारलं होतं ना काका तुम्हाला जिन्यात! म्हटलं, तुमच्या केलरमधलं थोडं सामान पूजेला वापरलं तर चालेल का..."

"आणि मी म्हणालो," काकांनी डोळे मिटले, "लागेल ते घे, विचारायचं काय त्यात."

काय घेणार, हे त्यांनी विचारलं नाही. मोठ्या माणसानं हो म्हटल्यावर काय घेतेय हे तिनं सांगितलं नाही. आपल्याकडे हे असंच असतं. आणि मी? मी श्रीरंगला विचारलं, घराला विचारलं असं समजलो. किल्ली खिळ्यावर दिसत होती. चहा आणून देणाऱ्या बाईला एक प्रश्न विचारला असता, नुसतं "वाळू" म्हटलं असतं, तर मंगळवारीच संपलं असतं. काखेत कळसा आणि माझी वहीभर नोंदी.

"विसर्जन कुठे केलंस?" नंदिनीताईनं घाईनं विचारलं. कारण नदीत गेली असेल तर संपलं.

"बादलीत," ईप्सिता म्हणाली. "इथे नदीत चालत नाही म्हणाल्या सगळ्या. आणि मग पूजेची वाळू पायाखाली यायला नको, म्हणून..."

बोलायची गरजच नव्हती. मी चमच्यानं कुंडीच्या वरचा थर काढला, बशीत ठेवला. नंदिनीताईनं व्हिनेगर ओतलं.

फसफसलं. पांढरा फेस वर आला, बारीक बारीक बुडबुडे, आणि त्यांचा आवाजही येत होता, कान दिला तर. लांबून लाट ऐकू यावी तसा. कोळ्यांच्या आधीचा समुद्र, तिसऱ्या मजल्यावर, बशीत.

"तुळस रुसली नव्हती," नंदिनीताई नाक पुसत म्हणाली. "खारट झाली होती."

ईप्सिता आता रडायला लागली होती. "काका, मी सगळं... मला माहीत असतं तर..."

काकांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. आणि चक्क हसले. तीन दिवसांत पहिल्यांदा.

"पन्नास वर्षं सांगत होतो डोरीनला, एकदा हरतालिका करून बघ, गंमत म्हणून. म्हणायची, नवऱ्यासाठी उपास? त्याला सांग, आपला ब्रेड आपण आण. शेवटी तूच बसवलीस गं तिला पाटावर."

७

दुपारभर बाल्कनीत कारखाना चालला. नंदिनीताई मॅडम, बाकी सगळे विद्यार्थी. वाळू पाण्यात ढवळायची, माती वर तरंगते, ती ओतून टाकायची, वाळू तळाशी बसते. परत. परत. श्रीरंगनं सुट्टी टाकली आणि दोन तास चहाच्या गाळण्यानं मुळांचे तुकडे वेचले. काका म्हणाले, "मेंदू आहे तुला." तो म्हणाला, "लेखी द्या." हेर लोटर न बोलावता आले आणि वाळू पसरायला स्वच्छ चादर देऊन गेले.

मुळांपाशी चिकटलेली मात्र राहिली. नंदिनीताई ती धुणार होती, काकांनी थांबवलं. "राहू दे. तिचा अर्धा जन्म इथलाच होता." नवी माती घातली. आज टाइप करताना बघून आलो, तुळशीला वर दोन कोवळी पानं आलीत.

संध्याकाळी वाळू बिस्किटाच्या डब्यात भरली. पूर्वीपेक्षा बोटभर कमी. थोडं हळदीचं पिवळं त्यात राहिलंच, निघेना. काकांनी तो मेल पुसला.

शुक्रवारी नऊ वाजता व्हॅन आली. कपाट चौघांनी उचललं. डबा काकांनी ड्रायव्हरच्या शेजारच्या सीटवर ठेवला, बेल्ट लावला. व्हॅन वळली आणि आम्ही दोघंच जिन्यापाशी उरलो. मी म्हटलं, "चला काका, चहा करतो."

"काका म्हणणारे मला शंभर जण आहेत," ते म्हणाले. "दोस्त म्हणावा असा एकही नाही. वयाचे सगळे गेले. तू होशील?"

मी मान हलवली.

त्यांनी खिशातून काड्यापेटी काढून माझ्या हातात ठेवली. उघडली. आत, कापसात, चार झोपड्या.

"ह्या व्हॅननं नाही पाठवल्या. डॉक्टर मला विमानात बसू देणार नाही. आणि तिथले लोक चांगले आहेत, पण ते वरून सुरू करतील. पियर दाखवतील, दिवे दाखवतील. लोकांना तेच हवं असतं."

माझ्याकडे भारतीय पासपोर्ट आहे, इंग्लंडचा व्हिसा लागतो, रजा लागते. मी फॉर्म शनिवारी भरला. तारीख नोव्हेंबरची मिळालीय. पण हे सगळं नंतरचं. त्या वेळी जिन्यापाशी मी काड्यापेटी बंद केली आणि त्यांचा हात धरला, आणि त्यांना अरे-तुरे करायची माझ्यात हिंमत नव्हती, तरी माझ्या एक्क्याऐंशी वर्षांच्या दोस्ताला शब्द दिला.

"मी जाईन. डबा मीच उघडेन. आधी वाळू पसरेन, सगळी, हळदीसकट. ती नीट बसेपर्यंत थांबेन. आणि मग ह्या चार झोपड्या माझ्या हातानं ठेवेन. एकेक. तोवर तिथला एकही दुसरा ड्रॉवर कोणाला उघडू देणार नाही."